बर्फाच्या पेटीतली भट्टी

सरस्वतीच्या अंगणात कावळा उतरत नसे. आता खाडीकाठच्या गावात, जिथे कावळे पोराच्या हातातली भाकरी पळवतात, तिथे असं सांगितलं तर कुणीही हसेल. हसू दे. पण होतं ते खरं. शेजारच्या हौसाबाईने बोंबील वाळत घातले की तिला काठी घेऊन दिवसभर बसावं लागायचं, हाड हाड करून घसा बसायचा बिचारीचा. आणि कुडाच्या अलीकडे सरस्वतीचा जवळा नि बोंबील उघड्यावर पडलेले असायचे, त्यांना चोचसुद्धा लागायची नाही.

"नशीब काढलंस गो," हौसाबाई म्हणायची. "तुला राखण नाय लागत. मंतरलंयस काय अंगण?"

सरस्वती नुसती हसायची. दुसरं करणार तरी काय? कावळे का येत नाहीत ते गावात तिला एकटीलाच माहीत होतं.

तिचा नवरा गोमाजी जाऊन वर्ष होत आलं होतं. दम्याने गेला. शेवटी शेवटी त्याला आडवं पडता येत नसे. खांबाला पाठ लावून बसायचा नि श्वास ओढायचा. दोन आखूड घोट, मग एक लांब, शिट्टी वाजल्यासारखा, आणि तो लांब श्वास आत गेला की बाहेर यायलाच तयार नसायचा. सरस्वती शेजारी बसून तो बाहेर पडायची वाट बघायची. तो बाहेर पडला की मग तिचाही पडायचा.

गोमाजीला चितेवर ठेवल्यावर मडकं ज्या दगडाने फोडलं, तो जीवखडा रीतीप्रमाणे घरी आला. घरी म्हणजे घरात नाही. घरात त्याला घेत नाहीत. गेलेल्याचा जीव दहा दिवस त्या दगडात असतो म्हणतात. मुलाने, दर्शनने, तो पांढऱ्या फडक्यात बांधून परसातल्या शेवग्याला टांगला. दहाव्याला त्याच्यापुढे पिंड ठेवायचा, कावळा शिवला की दगड पाण्यात सोडायचा, माणूस मोकळा.

आणि दहाव्याच्या पहाटे सरस्वतीने काय करावं? फडकं सोडलं, जीवखडा काढून घेतला, तेवढाच दुसरा एक काळा दगड आत घातला आणि पुन्हा गाठ मारली. वाईट बुद्धी नव्हती हो तिची. लग्न होऊन आली तेव्हापासून त्या माणसाशी बोलल्याशिवाय तिचा दिवस मावळला नव्हता. थोडे दिवस राहू दे जवळ, एवढंच मनात आलं. खरा दगड तिने तुळशीवृंदावनाच्या मागे, मातीत अर्धा पुरून ठेवला. रोज तुळशीला पाणी घातलं की उरलेलं त्याच्यावर घालायची आणि सांगत बसायची. अवो, आज पापलेट महाग होती. अवो, दर्शन रात्री जेवला नाय. तो दगड ऐकतो अशी तिची खात्री होती.

दहाव्याला कावळा शिवला नाही. कसा शिवेल? पिंडापुढे दगड होता रस्त्याकडेचा. पण दर्शनला काय ठाऊक! होडी विकण्यावरून त्याची नि बापाची शेवटच्या दिवसात कडाक्याची भांडणं झाली होती. पोरगा घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये कंप्युटरवर बसतो, होडी घेऊन करणार काय? त्या दिवशी मात्र घाटावर, चारचौघांत, त्याने जमिनीवर डोकं टेकलं. "बाबा, होडी नाही विकत. तुमचा नांगर नीट करून देतो, बाबा, या ना." कावळे झाडावर बसून राहिले. एकानेही पंख हलवला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे खाली मान घालून घरी आले. सरस्वतीने तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. आणि एकदा राहिलेली गोष्ट पुढे सांगणं किती अवघड होत जातं ते ज्याचं त्यालाच कळतं.

तर तो होडीचा नांगर. गोमाजीच्या बापाच्या वेळचा, अख्ख्या लोखंडाचा. त्याचा एक दात खडकात अडकून सरळ झाला होता. वेल्डिंगवाला तो कापून नवा जोडून देत होता, पण गोमाजी ऐकेना. "तापवून वळवायचा. कापायचा नाय." आता तापवून वळवणारा लोहार आणायचा कुठून? म्हणून दिलेला शब्द वर्षश्राद्धाच्या आधी पाळायचाच, असं ठरवून दर्शनने स्वतःच भट्टी बांधायला घेतली. मोबाइलवर बघून!

"तुझं डोकं ठिकाणावर हाय ना?" सरस्वती म्हणाली.

"अगं आई, काय नसतं त्यात. एक पेटी, माती, पाइप आणि हवा. मी बघितलेलं सगळं."

पेटी म्हणून त्याने गोमाजीची होडीवरची बर्फाची जुनी पत्र्याची पेटीच घेतली. ज्या पेटीत जन्मभर बर्फ भरला तिच्यात आता विस्तव! विटांवर ती चढवली, बाजूला भोक पाडून लोखंडी पाइप आत सारला, आणि लाल माती, वाळू, राख चाळून, कालवून, ठोकून ठोकून भरली. मधे परातीएवढा खळगा ठेवला. बाहेरच्या टोकाला पावभाजीच्या गाडीवर असतो तसला पंखा. त्याचा मित्र प्रितम कल्याणहून कोळशाचं पोतं घेऊन आला आणि येताना शीळफाट्याच्या भंगारवाल्याकडून ऐरण म्हणून रुळाचा तुकडा. दोघांच्या अंगाला अशी काही राख लागली की हौसाबाई कुडावरून म्हणाली, "गो, तुझ्या अंगणात गोसावी आलेत."

आठवडाभर दर्शन रोज संध्याकाळी थोडा थोडा जाळ करून माती सुकवत होता. तडे गेले की लिंपत होता. खरं सांगायचं तर सरस्वतीला बरं वाटत होतं. बाप गेल्यापासून पोरगा घरात असून नसल्यासारखा झाला होता, तो आता जेवताना बोलायला लागला होता.

शनिवारी ती बाजारातून आली तेव्हा भट्टी पेटलेली होती.

"आई, बघ, आज कसली भारी ओढतेय!"

सरस्वतीने पाटी खाली ठेवली आणि ती तिथेच थांबली. पंख्याच्या घरघरीच्या आतून दुसरा एक आवाज येत होता. दोन आखूड घोट. मग एक लांब, शिट्टी वाजल्यासारखा. निखारे लालचे पिवळे व्हायचे आणि तसेच ताणून राहायचे, राहायचे, आणि मग कुठे हळूच काळवंडायचे.

"हा... हा आवाज कसला रं?"

"पंख्याची बेअरिंग असेल. कालपर्यंत नव्हता."

दिवा लावायचं निमित्त करून ती तुळशीमागे गेली. तिथे तळहाताएवढा खळगा होता, ओला, आणि त्यात दगड नव्हता.

"दर्शन, हितला दगड कुठंय?"

"तो काळा? पाइपच्या तोंडावरची माती सारखी ढासळत होती, म्हणून आडवा बसवला. एकदम फिट्ट बसला बघ. का गं?"

"काय नाय," सरस्वती म्हणाली.

डोळ्याला डोळा लागला नाही तिचा. निवली की काढू, गुपचूप काढू, असं घोकत पहाटे ती सांडशी घेऊन अंगणात गेली. पंख्याची पिन दर्शनने काढून ठेवलेली होती. कोळशावर राख धरली होती. आणि राखेखाली निखारा उजळत होता, विझत होता. उजळत होता, विझत होता. सरस्वती खाली वाकली. दोन आखूड. एक लांब.

"अवो," ती कुजबुजली.

निखारा एकदम फुलला. तिने घाईघाईने हात घातला तर बोटं भाजली. आई गं म्हणून मागे सरली तेवढ्यात दर्शन दात घासत बाहेर आला. "अरे वा, अजून जिवंत आहे? काय भट्टी जमलीय यार!" आणि त्याने वर कोळशाचं घमेलं उपडं केलं.

रविवार होता, त्यामुळे तो थांबणार नव्हता. नांगराचा सरळ झालेला दात त्याने निखाऱ्यांत खुपसला, पंखा लावला. सरस्वती वाळवणीपाशी उकिडवी बसून राहिली. जाळ वाढला तसा तो आवाजही वाढला. गोमाजीच्या शेवटच्या दिवसांत वाढला होता तसाच. आत जात होता, बाहेर येत नव्हता. वर्षभर आपण ज्याला पाणी घालत होतो, आपलं दुःख सांगत होतो, तो वर्षभर असाच बसलाय, खांबाला पाठ लावून. आपणच बसवलाय. हे तिला त्या क्षणी कळलं.

लोखंड केशरी झालं. दर्शनने पंखा बंद केला आणि नांगर उचलायला वाकला. वाकला तो तसाच राहिला.

जाळ बसला नव्हता. पंखा थांबला होता आणि जाळ ओढतच होता. त्याने पंखा पाइपापासून सोडवून बाजूला ठेवला, पाइपाच्या उघड्या तोंडाशी हात नेला आणि झटकन मागे घेतला.

"आई, हा हवा आत ओढतोय. इथून. स्वतःच."

दोघेही ऐकत राहिले. दोन आखूड. एक लांब. दर्शनच्या कपाळावरचा घाम पुसायचा राहून गेला. तो आवाज त्यानेही बाजूच्या खोलीतून ऐकला होता, वर्षं न वर्षं.

"बाबा," तो म्हणाला. आणि मग अगदी लहान आवाजात, "अजून रागावलेत ना ते माझ्यावर? म्हणून कावळा नाही ना शिवला तेव्हा. मला माहितेय आई, माझ्यामुळे अडकलेत ते."

हे ऐकलं आणि सरस्वतीचा बांध फुटला. एवढे दिवस पोरगा गप्प होता तो यामुळे होय! ती उठली, त्याच्यासमोर आली.

"तुझ्यामुळं नाय रं. माझ्यामुळं. तू घाटावर नेलास तो जीवखडा नव्हताच. खरा मी काढून ठेवलेला. तुळशीमागं. तोच बसवलायस तू भट्टीत."

दर्शन तिच्याकडे बघत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं, दोन शब्द वेडेवाकडे बोलला असता तरी चाललं असतं.

"मी जमिनीवर डोकं आपटत होतो, आई," शेवटी तो म्हणाला. "तू समोर उभी होतीस."

"व्हय. उभी होते."

"वर्षभर मला वाटत होतं..."

"ठाऊक नव्हतं रं मला. देवाशप्पथ ठाऊक नव्हतं."

भट्टीने लांब श्वास आत घेतला आणि तो तिथेच अडकला. निखारे पांढरेफटक झाले. क्षण गेले तरी सुटेना. सरस्वतीच्या छातीतही तेवढाच वेळ काही हललं नाही.

मग दर्शनने नांगर बाजूला टाकला. सळईने पाइपाच्या तोंडावरची माती फोडली, आठवडाभर लिंपलेली सगळी, आणि सांडशीने दगड बाहेर काढला. लालबुंद झाला होता. त्याच्या कडेने बारीक तडे गेले होते आणि आतून तो धडधडत असल्यासारखा दिसत होता. "चल," तो म्हणाला.

परसाच्या मागेच खाडी. भरती होती, पाणी पायरीला लागलं होतं. पाण्याशी पोचल्यावर दर्शनने सांडशी तिच्यापुढे धरली.

"तू सोड. माझ्या हातून एकदा सोडून झालंय."

सरस्वतीने पदर गुंडाळून सांडशीच्या मुठी धरल्या. दगडाची धग तोंडावर येत होती. खूप काही सांगायचं होतं, पण रोज सांगून सांगून सगळं संपलेलं होतं बहुतेक.

"अवो," ती म्हणाली, "लई वेळ बसवून ठेवलं तुमाला. निजा आता."

तिने सांडशी उघडली. दगड पाण्यात गेला आणि वाफ उठली, आणि त्या वाफेबरोबर एक श्वास बाहेर पडला. आत जाणारा नव्हे. बाहेर येणारा. लांबच लांब, न अडकता, तळापर्यंत रिकामा होत गेलेला. गोमाजीला असा श्वास सोडताना तिने किती वर्षांत ऐकलं नव्हतं. पाण्यावर बुडबुडे आले, फुटले. मग खाडी नेहमीसारखी सपाट झाली.

दोघे परत आले. भट्टी निमाली होती. नुसता कोळसा, नुसती फुटकी माती, पेटवली तर पेटेल नाहीतर नाही. अर्धा तापून गार झालेला नांगर बाजूला पडला होता. सरस्वती त्याच्याकडे बघत होती, तेवढ्यात कुडापलीकडून हौसाबाई किंचाळली.

"गो सरस्वती! बघतेस काय! तुझी वाळवण!"

अंगण काळं झालं होतं. शेवग्यावरून, कौलांवरून, हौसाबाईच्या छपरावरून कावळे उतरत होते. बोंबलांवर, जवळ्यावर, सुपात, पाटीत. एकमेकांना ढकलत होते, ओरबाडत होते, वर्षभराचे उपाशी असल्यासारखे तुटून पडले होते. हौसाबाई काठी घेऊन धावत आली.

सरस्वतीने तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "खाऊ दे त्यांना."

आणि ती तिथेच पायरीवर बसली. दर्शन येऊन तिच्या शेजारी बसला, थोडं अंतर ठेवून. कावळे खात होते आणि सरस्वती हमसून हमसून रडत होती.