पट्टी नऊलाच संपते

बाबांचा एकतीस वर्षं एकच उद्योग होता. पुलाखालच्या पायऱ्या उतरायच्या, खांबावरच्या पट्टीवर नदीचं पाणी किती आलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. वहीत एक खाडाखोड झाली तर त्यांना जेवण जायचं नाही. मी जलसंपत्ती अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणाला गेले आणि प्रबंधासाठी त्याच वह्या मागितल्या, तेव्हा त्यांचे पाय आठ दिवस जमिनीला लागले नाहीत.

प्रबंध सरळ होता. दर वर्षीचा मोठा पूर घ्यायचा आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर किती उंच असेल ते काढायचं. त्या आकड्यावर शहराची पूरभिंत बांधली जाणार होती, आणि तिचा आराखडा आमच्या सरांकडेच होता. माझा आकडा साडेनऊ मीटर आला. सरांनी मोठ्या मनाने दहा केला.

आत्याने लगेच होऊ घातलेल्या भिंतीमागच्या नव्या इमारतीत घर घेतलं. गुडघे गेलेले, म्हणून तळमजल्यावर. "भाचीची भिंत आहे, मला कसली भीती?" असं ती अख्ख्या इमारतीला ऐकवायची. आई गेल्यावर मला तिनेच लहानाचं मोठं केलं होतं.

प्रबंध द्यायला सहा आठवडे उरले असताना एका जुन्या वहीवर नजर अडकली. सगळ्यांत मोठ्या पुराचे तीन दिवस, नऊ नोंदी, सगळ्या नऊ मीटर. पूर काय असा शिस्तीत उभा राहतो? मी पुलाखाली जाऊन आले. पट्टी नऊलाच संपत होती.

"बाबा, तेव्हा पाणी नऊच होतं?"

"पट्टीवर नऊ होतं."

"आणि पट्टीच्या वर?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "पुलाच्या कठड्याला लागलं होतं. पण तिथे आकडाच नव्हता गं. अंदाजाने मी कधी एक ओळ लिहिलेली नाही."

कठडा म्हणजे अकराच्या वर. मी सरांकडे धावले. त्यांनी वही बंद करून माझ्याकडे सरकवली.

"भिंतीचा पाया भरून झालाय. आता वडिलांची चौकशी लावायची आहे का तुला? शिवाय प्रबंध पहिल्यापासून करावा लागेल, तो वेगळाच."

मी मूग गिळून गप्प बसले. बाबांसाठी, असं स्वतःला सांगितलं. खोटं होतं ते. मला डिग्री हवी होती.

भिंत झाली, डिग्री मिळाली. तिसऱ्या वर्षी नदी भर दुपारी भिंतीवरून आत आली. आत्याला दारापर्यंतही पोचता आलं नाही.

पाणी ओसरल्यावर बाबा जुना टेप घेऊन भिंतीवर चढले. भिंतीवर रंगवलेली नवी पट्टी दहालाच संपली होती. वर दिव्याच्या खांबावर चिखलाची रेघ होती. मी टेपचं खालचं टोक धरलं. त्यांनी तीनदा मोजलं.

"एक चाळीस," ते म्हणाले. "म्हणजे अकरा चाळीस. लिही."

मी वही उघडली. "कुठे लिहू? इथे रकाना नाही, बाबा."

"नसला तर आखून घे," ते म्हणाले.