डावीकडे वळणारी साखर

चिठ्ठी अजून ओली होती, डिंकाचा एक थेंब बाटलीवरून ओघळून मध्येच थांबलेला — आणि तिच्यावर फोल्कमारचं ते उभट, कसलीच घाई नसलेलं अक्षर : फ्रुक्टोज. खाली टेबलावर जुन्या चिठ्ठीचा खरवडलेला कागद. त्यावर अर्धंमुर्धं उरलेलं ‘लेव्ह्युलोज’. ते अक्षर गेबहार्ड लोहमानचं स्वतःचं, डोक्यावर केस होते तेव्हाचं.

नावात काय आहे म्हणा... पण लेव्ह्युलोज, म्हणजे डावरी, म्हटलं की ती साखर समोर उभी राहायची. नळीत भरली की प्रकाशाला डावीकडे वळवणारी, हट्टी, महिनोन् महिने पाकच होऊन बसणारी, स्फटिक धरायचं नाव नाही. अख्खा स्वभाव त्या नावात होता. आणि आता म्हणे फ्रुक्टोज, फळातली साखर! फळात काय ही एकटीच असते?

“रागावलात ना, डॉक्टरसाहेब?” फोल्कमार दारात उभा होता.

“मी कोण रागावणार? प्रोफेसर तुम्ही.”

“अहो, मला अहो-जाहो काय करता! नळी धरायला तुम्हीच शिकवलंत.” तो आत आला. “वळते डावीकडे, खरंय. पण रेणूचा बांधा पाहिला तर घराणं उजव्यांचं निघालं. बिचारीला नावानं उगाच भलत्या घरात कशाला ठेवायचं?”

खरं होतं ते. बोचलं ते हेच. इतकी वर्षं साखर गेबहार्डच्या हातात होती, आणि दिसलं या पोराला. प्रोफेसरची खुर्चीही त्यालाच मिळाली. घरी बायको, ओटिलीसुद्धा... आज सकाळीच म्हणाली होती, “रविवारी फोल्कमारला जेवायला आण हो, किती वाळलाय.” त्याच्या ताटात बटाटे वाढताना तिचा हात कसा सैल सुटतो, ते गेबहार्डने पाहिलं होतं.

“आजच्या व्याख्यानाला तुमचे स्फटिक चिमूटभर मिळतील? माझ्याकडे नुसता पाक आहे, तोही पिवळा.”

“संपले,” गेबहार्ड म्हणाला. स्फटिकांची कुपी कोटाच्या आतल्या खिशात होती, भरलेली.

“अरेरे,” एवढंच म्हणून फोल्कमार गेला. शंका घेतली असती तरी बरं वाटलं असतं.

व्याख्यानाला गेबहार्ड शेवटच्या बाकावर बसला. पिवळ्या पाकातून उजेड धड पार होईना. फोल्कमार यंत्राचा काटा फिरवत राहिला, नळीला डोळा लावत राहिला, मुलं चुळबुळू लागली, कुणीतरी फिस्सकन हसलं — आणि गेबहार्डच्या छातीत काहीतरी ऊबदार पसरत गेलं, थंडीत पहिला घोट पोटात उतरावा तसं. आता घाम पुसेल. आता चिडेल. आता कळेल...

फोल्कमारने मान वर केली आणि तो चक्क हसला.

“साखरेचा दोष नाही, मंडळी. माझ्या हाताचा आहे. तिला शुद्ध रूपात वश करणारे मागे बसलेत, डॉक्टर लोहमान. मला जे येतं ते त्यांचं, आणि हा पाक तेवढा माझा.”

सगळ्या माना मागे वळल्या. मुलांनी बाकांवर मुठी आपटून दाद दिली, आणि तो खडखडाट गेबहार्डच्या बरगड्यांवर येऊन आदळत राहिला. उठून काही बोलावं... कुपी काढून दाखवावी... तो नुसता मान हलवत बसला, नम्र दिसत.

घरी येताना लान नदीच्या पुलावर तो कितीतरी वेळ कठड्याला टेकून उभा होता. खुर्चीचा हेवा करता येतो. ती आज ना उद्या कुणाची तरी व्हायचीच असते. नावाचाही करता येतो. पण चारचौघांत ‘दोष माझा’ म्हणून हसायचं, ते कुणाकडून हिसकावून घ्यायचं? आणि मिळालं तरी ते आपल्या तोंडात बसणार होतं का?

दार उघडताच ओटिलीने विचारलं, “कसं झालं रे त्याचं व्याख्यान?”

“छान झालं.”

हे आपणच बोललो याचं त्याला नवल वाटलं. कोट न काढता तो खुर्चीत बसला, सकाळचा तो राग मनात चाचपू लागला. राग सापडेना. हेवा होता, तस्साच होता — पण आता त्याला फोल्कमारचा चेहरा राहिला नव्हता, आणि दुसरा कुणाचा द्यावा ते गेबहार्डला कळत नव्हतं.