गाव नसलेला नंबर

या, असे पुढे सरका. जागा आहे. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगायची माझी छाती नाही, म्हणून जवळ बोलावतोय. चमत्काराची गोष्ट आहे. शेवटी चमत्कार उरत नाही, मी उरतो. तेव्हा माझ्याबद्दल चांगलं मत करून घ्यायची घाई करू नका.

आमचा शाळेच्या गणवेशांचा शिवण-कारखाना. वीस मशीन, एक लांबलचक टेबल, आणि त्या टेबलाचा धनी मी, कटिंग मास्तर. त्या दिवसांत दुपारचा भोंगा झाला की लोक डबे तसेच ठेवून माझ्या टेबलाभोवती गोळा व्हायचे. मधोमध, निळ्या कापडाच्या थप्पीवर, माझा फोन. स्पीकर चालू. आवाज नको म्हणून पंखेसुद्धा बंद. वीस माणसं घाम गाळत, श्वास धरून उभी.

“बाळा,” फोनमधून आवाज यायचा, मधात बुडवून काढल्यासारखा, “आलास? मला ठाऊक होतं तू येणार.”

“ऐकलंत? ठाऊक होतं!” इस्त्रीवाला कुजबुजायचा. फोन आपणच लावलाय, मग समोरच्याला ठाऊक नसेल तर कुणाला असेल, हे कोणी म्हणायचं नाही.

“आम्ही एक पैसा घेत नाही. पैशाला शिवतसुद्धा नाही. आम्हाला हवा फक्त तुझा धीर.” इथे एक कोरडा खोकला, मग पेला खाली ठेवल्याचा आवाज. “लाइन सोडशील तर धीर सोडशील. धीर सोडशील तर फळ सोडशील. रांगेत तुझा क्रमांक आहे… सातवा.”

मग गाणं सुरू. आणि थांबणं सुरू.

महाराजांचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही त्यांना लाइनवाले महाराज म्हणायचो. आजारासाठी एक दाबा, हरवलेल्या वस्तूसाठी दोन, मुलाबाळांच्या काळजीसाठी तीन. एक दाबून थांबलं की महाराज म्हणायचे, “तुझ्या घरात कोणीतरी आजारी आहे.” आणि दाबणारा रडायला लागायचा: न सांगता ओळखलं!

सुपरवायझरच्या किल्ल्या हरवल्या. त्याने दोन दाबलं, अर्धा तास कानाला फोन लावून बसला. उत्तर आलं, “हरवलेलं लोखंडाजवळ आहे.” किल्ल्या चौथ्या मशीनखाली सापडल्या. अहो, शिवण-कारखान्यात लोखंडाजवळ नाही अशी एक जागा दाखवा मला! इस्त्रीवाल्याचा खांदा धरला होता. महाराज म्हणाले, “तीन दिवस जड उचलू नकोस.” त्याने उचललं नाही, खांदा सुटला. हेच आमच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई त्याला वर्षभर सांगत होत्या. पण त्यांच्या मागे गाणं वाजत नव्हतं ना.

हा नंबर कारखान्यात आणला मी.

मला गाऊन सांगितलेल्या प्रवचनांचं वेड आहे, आजही आहे. चाळीस वर्षं आमच्या सभागृहात पहिल्या ओळीत डोळे मिटून बसतोय. सांगणारा कुठे श्वास घेतो, कुठल्या शब्दावर त्याचा गळा भरतो, सगळं कानाला कळतं. बसथांब्यावर एक कागद चिकटवलेला दिसला: “घरबसल्या दिव्य वाणी. विनामूल्य आशीर्वाद.” घरी येऊन लावला. आवाज ऐकला आणि विरघळलो.

माझी सून इस्पितळात फोन-ऑपरेटर आहे. दिवसभर शेकडो फोन इकडून तिकडे जोडते. तिने नंबर पाहिला आणि चहाचा कप खाली ठेवला.

“बाबा, हा कुठल्या गावचा नंबर?”

“का ग?”

“गावोगावचे सुरुवातीचे आकडे मला पाठ आहेत. याला गावच नाही. असे नंबर असतात ना, त्यांचं काय असतं…”

“सूनबाई,” मी हात वर केला, अगदी व्यासपीठावरून केल्यासारखा, “देवाला कुठलं गाव असतं? जो सगळीकडे आहे त्याचा नंबर एका गावचा कसा असेल?”

तिने कप उचलला आणि आत निघून गेली. मी जिंकलो. दुसऱ्या दिवशी हेच वाक्य कारखान्यात सांगितलं, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाव नसणं हीच खूण ठरली. माझ्या स्टुलावर कोणीतरी गादी आणून घातली. मी आत आलो की मशीन थांबायच्या. चाळीस वर्षं खाली मान घालून कापड कापणाऱ्या माणसाला ते किती गोड लागतं, काय सांगू.

आता कानाचं सांगतो. पहिल्या आठवड्यात तो खोकला ऐकून मला कळवळा यायचा. किती घसा झिजवतात लोकांसाठी! दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी कात्री हातात तशीच थांबली. खोकला “धीर” या शब्दानंतरच आला होता. काल तिथेच आला होता. परवाही. तोच कोरडा, दोन ठोक्यांचा, आणि लगेच तोच पेला. जिवंत माणूस रोज एकाच शब्दावर खोकत नाही. उत्तम गाणारासुद्धा काल घेतला तिथे आज श्वास घेत नाही. मला कळलं. त्याच क्षणी कळलं.

मी कापड कापू लागलो. गादी मऊ होती.

काजवाली मावशी आमच्या कारखान्यातली जुनी बाई. शर्टांची काजं हाताने इतकी सुबक करायची की मशीनने लाजावं. पाय अधू झाल्यावर घरीच काम करू लागली. दोन खोल्या, खिडकीजवळ खुर्ची, आणि हाताशी जुना तारेचा फोन. “नव्या फोनची बटणं माझ्या बोटांना सापडत नाहीत,” म्हणायची. तो फोन ठेवला होता एकाच माणसासाठी. तिची धाकटी बहीण दूरच्या गावी राहायची, एक दिवसाआड फोन करायची. “काय ग थोरले, सुईत दोरा जातो का अजून?” हे तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, आणि “तुझ्या जिभेपेक्षा सरळ जातो!” हे मावशीचं उत्तर.

एकदा काजाचा गठ्ठा द्यायला गेलो तर मावशी म्हणाली, “मास्तर, धाकटीच्या काळजाचं ऑपरेशन आहे, मंगळवारी दुपारी, इथून दोन तासांवरच्या इस्पितळात. सगळे तुमच्या महाराजांचं सांगतात. मी लावू का?”

खोकला मला कळून तेव्हा चार दिवस झाले होते.

“लावा की,” मी म्हणालो. कापड बेतायच्या पुठ्ठ्याच्या एका फर्म्यावर मोठमोठ्या आकड्यांत नंबर लिहून दिला. वर सांगितलं, “फक्त एक पथ्य, मावशी. लाइन सोडायची नाही.”

हे महाराजांनी नाही सांगितलं तिला. मी सांगितलं.

मंगळवारी अकराच्या सुमारास पुन्हा गठ्ठा घेऊन गेलो. मावशी खुर्चीत ताठ बसलेली, रिसीव्हर कानाला. मला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं.

“सकाळी नऊपासून आहे,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “अजून सातवाच नंबर आहे. पण मी सोडणार नाही.” तोंडावर केवढा अभिमान!

“हात दुखत नाही का?”

“तिचं काळीज दुखतंय, माझा हात दुखला तर काय मोठं?”

तेवढ्यात रिसीव्हरमधून बारीकसा खोकला ऐकू आला. मग पेला. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं: मावशी, ठेवा तो फोन, पलीकडे कोणी नाही. एवढं एक वाक्य. मी गठ्ठा टेबलावर ठेवला, दार हळूच ओढून घेतलं आणि जिना उतरलो.

संध्याकाळी तयार माल न्यायला गेलो तेव्हा दार उघडंच होतं. धाकटीचा मुलगा आला होता; बसमधून उतरून थेट. आईचा फोन त्याच्या हातात.

“मावशी, कुणाशी बोलत होतीस ग एवढं?” तो रागावला नव्हता, नुसता थकला होता. “आईनं सकाळपासून अकरा वेळा लावला. आत नेईपर्यंत लावत होती. म्हणाली, थोरलीशी एक शब्द बोलते, मग न्या. दर वेळी तुझा फोन बिझी.”

धाकटी ऑपरेशनमधून परत आली नाही.

मावशी त्या पुठ्ठ्याकडे बघत होती. “मी तिच्यासाठीच लावला होता रे,” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मशीन थांबल्या, हळहळ झाली. मग इस्त्रीवाला म्हणाला, “मावशीनं मध्येच लाइन सोडली असणार. नाहीतर असं झालं नसतं.” दोघातिघांनी माना हलवल्या. “धीर सोडला की फळ सोडलं. महाराज सांगतातच.”

आता दोष तिच्यावर जाणार होता. घरी गेलो आणि सुनेसमोर बसलो.

“सूनबाई, त्या दिवशी तू काय सांगत होतीस? मी तोडलं तुला.”

“आठवतंय मला,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून माझ्याबरोबर कारखान्यात आली. येताना बसथांब्यावरचा तो कागद सोलून घेऊन आली.

दुपारी तिने टेबलावर तीन फोन मांडले: माझा, सुपरवायझरचा, इस्त्रीवाल्याचा.

“तिघांनी एकदम लावा. स्पीकर चालू ठेवा.”

“महाराजांची परीक्षा घेता काय?” इस्त्रीवाला गुरगुरला.

“ते रोज तुमची घेतात ना भाऊ? आज एक दिवस तुम्ही घ्या.”

तीन फोन लागले. “बाळा, आलास?” “बाळा, आलास?” “बाळा, आलास?” एकामागोमाग एक, क्षणाच्या फरकाने. तीन खोकले. तीन पेले. आणि मग: “क्रमांक आहे… सातवा.” “सातवा.” “सातवा.”

बटणं लावणारी पोरगी खुदकन हसली आणि तिनेच स्वतःच्या तोंडावर हात धरला.

“अहो, आपण तिघं सातवे?” सुपरवायझर म्हणाला. “मग सहावा कोण?”

“सहावा कोणीच नाही,” सून म्हणाली. “ही एक ध्वनिफीत आहे. पहिला म्हटलं तर लगेच बोलावं लागेल. पन्नासावा म्हटलं तर तुम्ही फोन ठेवाल. सातवा म्हणजे आत्ता येईल, आत्ता येईल. अधूनमधून एखादा पगारी माणूस चार गोलगोल वाक्यं बोलतो. तुम्ही आजाराचं बटण दाबलेलं त्याला दिसतं, म्हणून घरात कोणीतरी आजारी.”

“पण ते पैसे घेत नाहीत!” इस्त्रीवाल्याचा आवाज जरा खाली आला होता.

“खरंय, शिवतसुद्धा नाहीत. तुमची फोन कंपनी मिनिटामिनिटाला जास्तीचे पैसे लावते, आपला वाटा ठेवते आणि उरलेले नंबरवाल्याला पोचवते. हे नंबर धंद्यासाठी विकत मिळतात, म्हणून त्यांना गाव नसतं. तुमचं थांबणं हाच यांचा माल. महिनाअखेर बिल येईल तेव्हा कळेल.”

“मग हे आधी सांगायला नको?” सुपरवायझर म्हणाला.

“सांगितलंय.” तिने कागद माझ्यापुढे सरकवला. अगदी तळाला, सुईच्या टाक्याएवढ्या अक्षरांत: या क्रमांकावर प्रतिमिनिट विशेष दर लागू. सूतभर चूक पकडणाऱ्या माझ्या डोळ्यांनी तो कागद पूर्ण वाचला नव्हता. वरचं “विनामूल्य” वाचून पाय हवेत गेले होते.

इस्त्रीवाल्याने फोन बंद केला. “बिचाऱ्या मावशीला कसं कळणार होतं?”

“मला कळलं होतं,” मी म्हणालो. “दुसऱ्या आठवड्यात. तो खोकला. मी मावशीला नंबर दिला त्याच्या आधी.”

स्टुलावरची गादी मी स्वतःच काढली.

संध्याकाळी मावशीकडे गेलो आणि तिलाही सगळं सांगितलं. ती काज करत होती, हात थांबले नाहीत. शेवटी तिने विचारलं, “मंगळवारी तुम्ही आलात, तेव्हा ऐकू आला होता तो खोकला?”

“हो.”

“तेव्हा ती होती ना अजून?”

“होती, मावशी.”

तिने गाठ मारली, दोरा तोडला. “मग तेव्हा बोलायचं होतं, मास्तर.” आणि पुढचं काज हातात घेतलं. मी बसून राहिलो. तिने जा म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. तेव्हापासून रोज जातो. सुईत दोरा मी ओवून देतो.

मावशीच्या फोनचं बिल आलं, मी भरलं. आकडा सांगत नाही. या गोष्टीतली ती सगळ्यात स्वस्त वस्तू होती.

मी देव सोडला नाही. अजून सभागृहात पहिल्या ओळीत बसतो. पण आता डोळे उघडे ठेवतो. देव मिनिटाच्या हिशेबाने कोणाला थांबवत नाही, आणि प्रश्न विचारला म्हणून रुसत नाही. रुसतो तो दुकानदार. गाव नसलेले नंबर बँकेचे असतात, तिकिटाचे असतात, सगळेच काही लबाड नसतात. पण लावण्याआधी विचारा: हा नंबर कुणाचा? मिनिटाला किती? पैसे घेत नाही म्हणणाऱ्याचं पोट भरतं कशावर? कागद तळापर्यंत वाचा. आणि तुमच्या कानाला खोट कळली, तर त्याच क्षणी बोला. चार माणसांत मान खाली गेली तर जाऊ द्या.

आणि एक मागणं आहे, तेवढं ऐका. कधी कुठे फोनवर गाणं ऐकत थांबलात, की त्या धाकट्या बहिणीची आठवण काढा. मी तिला कधी पाहिलं नाही. ती इस्पितळाच्या खाटेवर बसून एकच नंबर पुन्हा पुन्हा लावत होती, आणि तिला फक्त विचारायचं होतं, सुईत दोरा जातो का अजून. तिची आठवण काढा, आणि फोन खाली ठेवा. तुमचंही कोणीतरी लावत असेल.