हेडचे चार नट

मिस्त्रीने इंजिन रॉकेलने धुतलं, फडक्याने कोरडं केलं आणि त्यावर टाल्कम पावडर अगदी सढळ हाताने शिंपडली. मोटारसायकलचा मालक बघतच राहिला.

"हे काय? माझ्या गाडीला मुलगी बघायला नेताय का?"

"तेल खाली दिसतं, पण निघतं दुसरीकडूनच. पावडरीवर डाग कुठून सुरू होतो ते बघायचं."

मालक घरोघर हिंडून विजेच्या मीटरचे आकडे टिपणारा माणूस होता. दिवसाला शंभर दारं, आणि प्रत्येक दारात दोन वाक्यं बोलायची सवय. गाडी चालू करून दोघं उभे राहिले तेवढ्या दहा मिनिटांत त्याने आपली सगळी कर्मकहाणी सांगून टाकली. गेले आठ दिवस त्याच्या पँटचा उजवा पाय तेलाने माखत होता. बायको म्हणाली होती, घरात यायचं तर या, पण उजवा पाय बाहेर ठेवून या.

मिस्त्री हसला. त्याचं लक्ष मात्र पावडरीवर होतं. वरचं झाकण कोरडं होतं. हेड आणि खालचा ब्लॉक जिथे एकमेकांवर बसतात तिथे, उजव्या अंगाला, एक बारीक करडी रेघ उमटली आणि बघता बघता खाली ओघळली.

"हेड गॅस्केट. दोन्हींमधलं पॅकिंग," तो म्हणाला. "आधी कुणी उघडलं होतं का?"

"छे! कंपनीतून आली तशी आहे."

मिस्त्रीने मान डोलावली. पेशंट डॉक्टरला आणि गिऱ्हाईक मिस्त्रीला सगळं खरं कधीच सांगत नाही, हे त्याला पाठ झालं होतं. त्याने संध्याकाळी यायला सांगितलं आणि मीटरवाला बोलत बोलतच रस्त्याला लागला.

तो गेल्यावर गॅरेज फारच शांत झालं. इंजिन पुरतं निवेपर्यंत हेडला हात लावायचा नाही, म्हणून मिस्त्री बाकावर बसून राहिला. त्याला सगळी गल्ली धाकटा म्हणायची. वय छप्पन्न, दाढी पांढरी, तरी धाकटाच. थोरला भाऊ जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. जाऊन म्हणजे नदीपलीकडे, चाळीस किलोमीटरवर. पण तेवढं अंतर दोघांपैकी कुणीच कधी ओलांडलं नव्हतं. लग्न दोघांचंही राहूनच गेलं. आधी गॅरेज उभं करायचं होतं, मग ते चालवायचं होतं. आता धाकटा मागच्या खोलीत एकटा राहायचा. डोक्यावर मोजून चार केस उरले होते, तरी दर आठवड्याला न्हाव्याकडे जाऊन बसायचा. तिथे निदान कुणीतरी विचारायचं, काय म्हणतोस.

भांडण झालं ते एका पान्यावरून. धाकट्याने हौसेने टॉर्क पाना आणला होता. ठरलेला जोर लागला की टक् करून सांगतो तो. थोरल्याला असली खेळणी लागत नसत. तो मनगटाच्या अंदाजाने नट आवळायचा आणि त्याने आवळलेलं हेड कधी गळलं नाही. एके दिवशी त्याने एका गाडीचं हेड बसवलं आणि गिऱ्हाइकासमोर धाकट्याने तो नवा पाना त्या नटांना लावून पाहिला. फक्त बघावं म्हणून, दुसरं काही त्याच्या मनात नव्हतं. टक्, टक्, टक्, टक्. एकही नट केसभर हलला नाही. थोरला चुकला नव्हताच. तरीही त्याने हातातलं फडकं घडी करून बाकावर ठेवलं, चप्पल घातली आणि तो गेला. धाकट्याला वाटलं, संध्याकाळी येईल. मग वाटलं, आपणच जाऊन दोन शब्द बोलू. दर वर्षी जायचं ठरायचं आणि दर वर्षी काहीतरी काम निघायचं, म्हणजे तो ते काढायचा.

दुपारी इंजिन गार झालं. त्याने टाकी उतरवली, वरचं झाकण काढलं आणि पाना हातात घेऊन वाकला तो तसाच थांबला.

हेडच्या चार नटांच्या कडांना कानशीने खाचा पाडलेल्या होत्या. एकावर एक, त्याच्या तिरक्या समोरच्यावर दोन, मग तीन, मग चार. कुठल्या क्रमाने आवळायचे ते नटांवरच लिहून ठेवायची ही रीत त्याने फक्त एकाच माणसाची पाहिली होती. तो माणूस त्याच्या डोक्यात टपली मारून म्हणायचा, आकडे विसरशील, खाचा विसरणार नाहीस.

त्याला आनंदच झाला आधी. अगदी मूर्खासारखा आनंद. पण गाडीतून तेल गळत होतं, आणि थोरल्याचं हेड गळत नसतं.

त्याने एका खाचेचा नट सोडवला. बरा होता. दोन खाचांचा, उजवीकडचा, पाना नुसता टेकवताच फिरला. उजवीकडचा दुसराही तसाच. त्याने बॅटरी आणून उजेड पाडला. त्या दोन नटांचे कोपरे घासून गोल झाले होते, आणि शेजारच्या धातूवर चकचकीत ताजे ओरखडे होते. पाना घसरून उमटतात तसले. त्याने ते मोजले. अकरा.

थोरल्याच्या हातून पाना घसरलेला त्याने जन्मात पाहिला नव्हता. इथे अकरा वेळा घसरला होता, आणि अकराही वेळा त्या माणसाने तो पुन्हा लावला होता. गाडी धरायला कुणी नसणार. "दे इकडे" म्हणायलाही कुणी नसणार. धाकट्याने बॅटरी बंद केली. मग त्याने हेड उचललं. गॅस्केट कोरं होतं, उजव्या कडेला तेवढं तेल पाझरून काळं पडलेलं. त्याने दोन्ही पृष्ठभाग खरवडून आरशासारखे स्वच्छ केले, पट्टी लावून सपाटी पाहिली, नवीन गॅस्केट बसवलं. घासलेले दोन नट बदलले. नव्यांवर कानशीने खाचा पाडल्या, दोन आणि चार. मग टॉर्क पान्याने, त्याच क्रमाने, थोडे थोडे करत चारही आवळले.

संध्याकाळी मीटरवाला आला तेव्हा मिस्त्री हात धूत होता.

"हेड आधी उघडलेलं होतं," तो पाठमोराच म्हणाला. "कुणी उघडलं?"

मीटरवाल्याने कान खाजवला. "आता तुमच्यापासून काय लपवायचं. नदीपलीकडे एक म्हातारे मिस्त्री आहेत. माझी गाडी वर्षानुवर्षं तेच बघतात. पण हल्ली त्यांना जमत नाही हो. उजवा हात गेलाय. दीड वर्ष झालं."

"गेलाय म्हणजे?"

"अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, हात राहिला. तरी हट्टाने करतात एका हाताने." तो जरा थांबला. "गंमत म्हणजे गाडी देतानाच म्हणाले, हे गळणार. गळलं की नदीअलीकडच्या गॅरेजात ने, तिथला माणूस नीट मोजून आवळतो."

नळ चालूच राहिला. मिस्त्रीने तो बंद करायला जरा वेळ घेतला.

"मोजून आवळतो, असं म्हणाले?"

"हो. तुमची ओळख आहे वाटतं?"

"आहे," मिस्त्री म्हणाला. "गाडी उद्या संध्याकाळी न्या. ट्रायल घ्यायची राहिलीय."

"ट्रायल म्हणजे गल्लीतून एक चक्कर ना?"

"जरा लांबची."

सकाळी निघताना त्याने टॉर्क पाना पेटीतून काढला, हातात तोलून पाहिला आणि परत ठेवून दिला. पूल ओलांडून तो तासाभरात पोचला. पत्र्याच्या शेडखाली थोरला एका स्टुलावर बसला होता, उजवा हात मांडीवर ठेवलेला, एखादी वस्तू सांभाळायला दिल्यासारखा. तो केवढा लहान दिसत होता. त्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग धाकट्याकडे, मग पुन्हा गाडीकडे.

तो उठला, पाय ओढत जवळ आला आणि डाव्या हाताचं बोट हेडच्या सांध्याजवळ झरकन फिरवून पाहिलं. बोट कोरडं होतं.

"मोजून आवळलंस?"

"हो."

"बरं केलंस."

धाकट्याने रस्ताभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता सापडेना.

"त्या दिवशी एकही नट हलला नव्हता," तो म्हणाला.

"ठाऊक आहे मला. मीच आवळले होते." थोरला पुन्हा स्टुलावर बसला. "दाढी पिकली की रे तुझी."

"कळवायचं तरी. दीड वर्ष."

"कळवलं की. जरा गळत गळत पोचलं."

धाकट्याला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले, म्हणून तो गाडी स्टँडवर लावायचं काम उगाच दुसऱ्यांदा करत बसला.

"नवीन गॅस्केट आहे," थोरला म्हणाला. "एकदा तापल्यावर दबतं ते. गार झालं की नट पुन्हा आवळायला लागतील."

"म्हणूनच आलोय."

"पाना आणलास का तुझा, टकटक करणारा?"

"नाही आणला. तू हात ठेव माझ्या हातावर. कुठे थांबायचं ते सांग."

थोरल्याने डावा हात इंजिनाजवळ नेला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"चार तास तरी लागतील निवायला."

"लागू देत," धाकटा म्हणाला, आणि बसायला काही मिळतंय का ते पाहू लागला. शेडमध्ये दुसरं स्टूल नव्हतं.