ओढ्यापलीकडचा पांग मिस्त्री

"आधी बूट आत घ्या, मिस्त्री. मग काय ते बोला."

पांग मिस्त्री दारातच थबकला. एका हातात अवजारांची पेटी, खांद्यांवर भुरभुरलेला बर्फ. त्यानं वाकून आपले बूट उचलले आणि बुनोकनं दाराच्या आत अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्रावर नीट ठेवले.

"बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या माणसाचे बूट बाहेर दिसले, तर कुणाचं काय बिघडलं, वहिनी?"

"रोज रोज बिघडतो होय कुणाचा बॉयलर?"

"जुना झालाय."

"मागच्या साली नवा बसवलात. तुम्हीच."

मिस्त्री हसला आणि बॉयलरनं तापलेल्या गरम जमिनीवर पाय पोटाशी घेऊन बसला. आतून मानसू आला. बुनोकचा एकुलता एक मुलगा, तिशी ओलांडलेला, अंगापिंडानं बापासारखा आडवा. पण बुद्धी सहासात वर्षांच्या पोराइतकीच राहिली होती. गावाबाहेरच्या केंद्रात तो खोक्यांना घड्या घालायचं काम करी, आणि रविवारी घरी असला की मिस्त्रीची वाट बघे.

"काका, आज राहा ना इथंच. बर्फ पडतोय."

"माझं घर आहे ना समोर. हा ओढा ओलांडला की आलं."

"मग रोज ओलांडता कशाला?"

बुनोकनं ताटल्या मांडल्या. आंबवलेल्या सोयाबीनचं कालवण, मुळ्याची आंबवलेली तिखट किमची, मिस्त्रीला आवडतात म्हणून कुट्टूच्या पिठाची पातळ धिरडी. तो पहिला घास घेणार तोच अंगणात हाक आली. "मानसूची आई, आहेस का गं?"

कोपऱ्यावर केस कापायचं दुकान चालवणाऱ्या को बाईचा आवाज. मिस्त्री ताटली घेऊन उठला आणि सवयीनं मागच्या बॉयलरच्या खोलीत गेला. सहासष्ट वर्षांचा माणूस, हातात धिरड्यांची ताटली घेऊन, लपून बसायला. बुनोकला हसूही येईना, रडूही येईना.

को बाई ऐसपैस बसली. "ऐकलंस? ह्वांगजी गावातली ती, पाठीला बाक आलेली. तिची पेन्शन बंद झाली म्हणे."

"का?"

"अगं, तारेवर पुरुषाचा पायजमा वाळत होता. हा असा लांब, लोकरीचा. चौकशीला आलेल्यानं बघितला आणि खेळ खलास. नवऱ्याच्या मागं मिळणारी पेन्शन आहे ना, दुसरा पुरुष घरात आला की संपली. लग्न लावलेलं असो नाहीतर नसो."

"भावाचा असेल पायजमा."

"भावाचा पायजमा धुतेस का तू? आम्ही तर नवऱ्याचाही कुरकुरत धुतो." को बाईनं एक धिरडं उचलून तोंडात टाकलं. जाताना तिची नजर दाराशी गेली. भिजलेल्या वर्तमानपत्रावर मिस्त्रीचे बूट होते. ती हसली. "मिस्त्रीला म्हणावं, माझाही बॉयलर बघायचाय. घाई नाही. आधी जेवण होऊ दे."

चोलाम या खाणीच्या गावात असं होतं सगळं. सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि कुणी वाईटही नव्हतं. पण माहीत असणं वेगळं आणि कुणी पेन्शनच्या कचेरीत जाऊन सांगणं वेगळं. बुनोकला सदा त्या दुसऱ्याचीच धास्ती.

तिचा नवरा चोन दोकपाल खाणीत कोळसा तोडायचा. फुफ्फुसात इतका कोळसा साठला की शेवटची वर्षं त्यानं इस्पितळात नळी लावूनच काढली. तो गेला तेव्हा मानसू शाळेच्या शेवटच्या वर्गात होता, म्हणजे त्या वर्गात नुसता बसत होता. सरकारनं पेन्शन बांधून दिली. पांग त्याच खाणीत पाणी उपसायच्या पंपांवर होता. दोकपालहून वयानं लहान, म्हणून बुनोकला वहिनी म्हणायचा. खाण बंद झाली, निम्मं गाव उठून गेलं, पांगची बायकोही त्याच सुमारास वारली. तो मात्र राहिला. पंप सोडून बॉयलर दुरुस्त करू लागला.

पहिल्यांदा तो खरंच बॉयलरसाठी आला होता. दुसऱ्यांदा नळ गोठला होता. तिसऱ्यांदा काही मोडलेलं नव्हतं. त्यानं उगाच एक नट फिरवला आणि चहा पिऊन गेला. मानसूला त्यानं पक्कड धरायला शिकवली, नट-बोल्टच्या जोड्या लावायला शिकवल्या. बापाच्या माघारी घुम्या झालेला पोरगा त्याच्याजवळ बसून खिदळू लागला.

एकदा थंडीच्या सुरुवातीला, ओढ्याच्या काठावर ती मुळे धूत असताना तो शेजारी येऊन बसला आणि तोही मुळे धुऊ लागला. मग म्हणाला, "दोन घरांत दोन शेगड्या जळतात, वहिनी. एक पुरली असती."

तिला कळलं. कान तापले. वयाची पंचावन्न वर्षं झालेली बाई आणि कान तापले.

"ही पेन्शन माझी नाही मिस्त्री, मानसूची आहे. मी घरात पुरुष घेतला आणि ती गेली, तर उद्या माझ्यामागं त्याचं काय?"

"कचेरीत विचारून तर बघू. काहीतरी नियम असेल."

"काय विचारायचं? विचारलं की लिहून घेतील ना, ही बाई का विचारतेय म्हणून. मग येतील बघायला."

त्यानं मान हलवली. हातातला मुळा निथळून टोपलीत ठेवला. पुन्हा तो विषय त्यानं कधी काढला नाही. पण त्याच महिन्यात वरच्या आळीतलं घर सोडून त्यानं ओढ्यापलीकडची दोन खोल्यांची जागा भाड्यानं घेतली, तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या अगदी समोर. रोज सकाळी तिकडच्या धुराड्यातून धूर निघाला की बुनोक भाताखालचा जाळ वाढवी. अशी वर्षं गेली. तो जेवायला यायचा, निमित्ताला बॉयलर असायचा. बर्फात रस्ते बंद होत, तेव्हाही तो संध्याकाळच्या आत पुलावरून परत जाई, आणि ती खिडकीतून बघत राही. तो पलीकडे पोचला, की मागं वळून कधी बघायचा नाही. बघितलं असतं तर परत आलो असतो, असं एकदा बोलून गेला होता.

को बाई पायजम्याची गोष्ट सांगून गेली, त्याच हिवाळ्याच्या अखेरीस एका सकाळी धूर निघाला नाही.

बुनोकनं थोडी वाट बघितली. मग हातातली पळी टाकून ती पळत सुटली. भर दिवसा, पुलावरून, अंगावर कोट न चढवता. मिस्त्री जमिनीवर आडवा होता. डोळे उघडे, तोंड एका बाजूला गेलेलं. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि रुग्णवाहिका येईपर्यंत ती त्याचा गार पडलेला उजवा हात चोळत राहिली.

"तुम्ही कोण यांच्या?" गाडीतल्या माणसानं विचारलं.

पुलाच्या टोकाला माणसं जमली होती. "शेजारीण," ती म्हणाली.

"मग घरच्यांना कळवा." दार लागलं.

उल्सान शहरातून त्याची मुलगी मीरान आली. त्याला तिकडच्या मोठ्या इस्पितळात नेण्यासाठी तिनं सगळं ठरवलं आणि मग सामान आवरायला चोलामला आली. भली मुलगी. घरात तिला किमचीच्या बरण्या दिसल्या, जाड रजई दिसली, कोपरांना ठिगळ लावलेले स्वेटर दिसले. ओढा ओलांडून ती बुनोकच्या दारात आली आणि वाकून तिनं नमस्कार केला.

"काकू, बाबांचं तुम्ही फार केलंत. फोनवर सांगायचे ते."

"काय सांगायचे?"

"हेच की, मोठ्या भावाच्या जागी जो माणूस होता त्याची बायको आहे, पोटभर जेवायला घालते."

"हो," बुनोक म्हणाली. "तेवढंच." आणि तिनं मुलीच्या हातात सुकवलेल्या मुळ्याच्या पाल्याची जुडी दिली.

नंतरचे दिवस ती तिघांपुरता भात घालायची आणि तो उरायचा. हात ऐकत नव्हता. मानसू जेवताना तिसरा चमचा मांडी, मग उचलून परत डब्यात ठेवी. समोरच्या धुराड्यावर एक पक्षी येऊन बसू लागला. को बाई येऊन म्हणाली, "रड की गं जरा. मी काही कुणाला सांगत नाही." पण बुनोकला रडायलाही भीती वाटत होती.

वसंतात तिला पेन्शनच्या कचेरीत बोलावणं आलं. दरवर्षीची हजेरी. बाई हयात आहे, पुन्हा लग्न केलेलं नाही, एवढं सांगायचं. मानसूला बाहेरच्या बाकावर बसवून ती आत गेली. काचेमागं नवीन पोरगी होती, गोल चेहऱ्याची, सर्दीनं नाक लाल झालेली. काम संपलं. बुनोक उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली. आता लपवण्यासारखं उरलंच काय होतं?

"एक विचारू का? माझी एक मैत्रीण आहे. विधवा. तिला पेन्शन मिळते, आणि... तिच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत."

"लग्न करणारेत?"

"नाही, नाही. नुसते जेवायला येतात."

"जेवायला येऊ देत की आजी."

"आणि बर्फ पडला म्हणून राहिले तर?"

"एखाद दिवस राहिले म्हणून काही होत नाही. पण नवराबायकोसारखे एकत्र राहू लागले, तर मात्र तिचा हक्क संपतो." पोरीनं नाक पुसलं. "तिला मुलं आहेत?"

"एक मुलगा. मोठा आहे, पण त्याला... त्याला समज कमी आहे. जन्मापासून."

"नवरा गेला तेव्हा त्यांच्याजवळच राहायचा?"

"हो. कुठं जाणार?"

"मग पेन्शन बुडत नाही आजी. तिचा हक्क संपला की तो मुलाकडे जातो. त्याचं अपंगत्व गंभीर दर्जाचं आहे असं तपासणीत ठरावं लागतं, अर्ज करावा लागतो, आणि रक्कम थोडी कमी होईल. पण मुलाला मिळत राहील. त्याच्यासाठीच तर आहे ती."

बुनोक काचेजवळ वाकली.

"पहिल्यापासून असंच आहे?"

"नियम जुनाच आहे. लोक विचारतच नाहीत, इकडून तिकडून ऐकतात आणि घाबरून बसतात." पोरगी हसली. "तुमच्या मैत्रिणीला सांगा, खुशाल राहा म्हणावं."

परत येताना बसमध्ये मानसू खिडकीशी बसला होता. डोंगराच्या सावलीत अजून बर्फाचे ढीग होते. बुनोकला एकेक हिवाळा आठवू लागला. पुलावरून जाणारी ती पाठ. बॉयलरच्या खोलीत उभ्यानं खाल्लेली धिरडी. एक साधा प्रश्न काचेमागच्या कुणालातरी विचारायचा होता. तिनं तोंड फिरवलं, पण मानसूला दिसायचं ते दिसलंच.

"आई, कोण ओरडलं तुला?"

"कुणी नाही रे. पेन्शन तुझ्या नावावर झाली असती म्हणे. काका आपल्याकडे राहिले असते तरी चाललं असतं."

मानसूनं विचार केला. "मग जाऊ या आणायला."

ती गेली. मानसूला नवा शर्ट घालून, योंगजूला गाडी बदलून, मांडीवर डबा घेऊन दोघं उल्सानला पोचली. मिस्त्री शुश्रूषालयात होता. समुद्राकडे तोंड करून असलेल्या खोलीत, चाकांच्या खुर्चीत. उजवं अंग लुळं. मीराननं दाराबाहेरच तिला गाठून सांगितलं, "वाचा गेलीय काकू. समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत."

"मी त्यांना न्यायला आलेय," बुनोक म्हणाली.

आता मीरानला कळलं असावं, कारण तिनं बुनोकचे दोन्ही हात हातात घेतले. "कुठं न्याल? त्यांना उचलायला दोन माणसं लागतात. रोज व्यायाम आहे, औषधं आहेत. तिथं त्या थंडीत, त्या पायऱ्यांवरून..." तिनं हात सोडले नाहीत. "तुम्ही येत जा. हवं तेव्हा या. माझ्या घरी उतरा."

पोरीचं म्हणणं खोटं नव्हतं. बुनोकनं मान हलवली.

आत मानसू जमिनीवर मांडी घालून खुर्चीच्या चाकाचे नट तपासत होता. मिस्त्री डाव्या हातानं त्याचं डोकं थोपटत होता. बुनोक समोरच्या स्टुलावर बसली आणि कचेरीतली हकीकत तिनं पहिल्यापासून सांगितली, मैत्रिणीसकट. ऐकता ऐकता मिस्त्रीचा अर्धा चेहरा हसला. डोळे मात्र दोन्ही भरले. तिनं रुमालानं ते टिपले. दार उघडंच होतं, बाहेरून माणसं जात होती. तिनं दाराकडे बघितलंही नाही.

तेवढ्यात बोलणं शिकवणारी बाई आली. उभट चेहऱ्याची, हातात चित्रांचे पत्ते. पाणी, भात, औषध, खिडकी. मिस्त्रीनं पत्ते बाजूला सारले.

"बघा, हे असं," ती बाई तक्रारीच्या सुरात म्हणाली. "सोपे शब्द घेतच नाहीत. आल्यापासून स्वतःचाच एक शब्द धरून बसलेत, डाव्या हातानं कसाबसा लिहून दाखवतात, आणि बोलायला तो काही जमत नाही. तुम्ही त्यांच्या गावच्या ना? बुनोक म्हणून काही आहे का तिकडे? डोंगर वगैरे?"

मीरान बापाकडे बघू लागली. मानसूनं मान वर केली. "माझी आई आहे ती," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत मिस्त्रीच्या तोंडून वहिनीशिवाय दुसरं काही तिनं ऐकलं नव्हतं. आपलं नाव त्याला ठाऊक आहे, हेही तिला ठाऊक नव्हतं. ती स्टूल ओढून त्याच्या जवळ सरकली. मिस्त्रीनं श्वास घेतला. मानेच्या शिरा ताठल्या, चेहऱ्याची चांगली बाजू लुळ्या बाजूला ओढू लागली, ओठ जुळले.

"बु... बु..."

ती बाई पुढं शब्द पुरवायला वाकली. बुनोकनं हातानं तिला थांबवलं.

"बुन..."

पुढचं आलं नाही. पण तेवढ्यालाच तिनं ओ दिली.