पासलीच्या फुलाबाईंचा कोयता

बातम्यांत लाल गोल काढून दाखवत होते, तो कोयता मीच. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'शहरात कोयत्याचा धुमाकूळ'. मला पाय नाहीत, एसटीचा पास नाही. वेल्ह्याच्या डोंगरातून पुण्यात येऊन मी एकट्यानं धुमाकूळ कसा घातला, हे त्या निवेदिकेला एकदा विचारायचं आहे.

माझा जन्म भोरचा. जुन्या टेम्पोच्या पाट्याचा तुकडा हनुमंत लोहारांनी भट्टीत लाल केला, ठोकून वाकवला आणि मला बाजारात मांडलं. पासलीच्या फुलाबाईंनी अंगठ्यानं धार पाहिली. "ह्यो चालंल," म्हणाल्या. झालं माझं बारसं.

अकरा वर्षं मी त्यांच्याकडे राबलो. भाताची रोपं टाकण्याआधी जमीन भाजायला फांद्या लागतात, त्या तोडायच्या. कुंपणाचे काटे छाटायचे. काम झालं की बाई मला पुसून वाशात खोचायच्या.

मग त्यांचा नातू अभिषेक शहरातून दिवाळीला आला. "आज्जे, नारळ सोलायला नेतो," म्हणाला. त्याच्या खोलीत मी एकही नारळ पाहिला नाही.

तिथं पप्पूभाई होते. वय तेवीस. नोकरी नव्हती, पण चौकात फलक होता, 'युवकांचे आशास्थान'. त्यांच्या वाढदिवसाचा केक माझ्याकडून कापून घेतला. पात्याला क्रीम लागलं आणि सगळे मोबाईल माझ्यावर रोखले गेले. फांद्या तोडत होतो तेव्हा कुणाला माझा फोटो काढावासा वाटला नव्हता.

पुढं कुणीतरी पप्पूभाईंना रस्त्यात "बाजूला व्हा" म्हणालं. आशास्थानाचा अपमान झाला, दहशत बसवायचं ठरलं. पहिल्या संध्याकाळी उभ्या रिक्षांच्या काचा फोडल्या. तो रील चांगला चालला, म्हणून तीन दिवसांनी हे लोक भाजीवाल्यांच्या रांगेत घुसले. तिथं एक म्हातारे विक्रेते जिवानिशी गेले. रील आणखी चालला.

आठव्या दिवशी गोरख. उत्रोलीचा माणूस, टेम्पोतून टोमॅटोच्या जाळ्या उतरवत होता. हे लोक पुन्हा घुसले. माणसं पळायला लागली तशी त्यानं एका बाईला ओढून टेम्पोत बसवलं, दार लावलं आणि स्वतः बाहेर राहिला. अभिषेकनं मला उचललं. मग मागचा मोबाईल चालू आहे ना, हे त्यानं वळून पाहिलं. वरच्या गॅलऱ्यांतून सभ्य माणसंही शूटिंग करत होती. खाली कुणी आलं नाही.

फांदी तुटते तेव्हा चीक लागतो. तो फुलाबाई राखेनं काढायच्या. गोरखचा जीव गेला, त्याचं रक्त मात्र माझ्यावरच वाळलं.

पोलिसांनी मला ओळखायला फुलाबाईंना बोलावलं. दाराशी त्यांचा मुलगा, अभिषेकचा बाप इंद्रजित, कानाशी लागला. "आई, तू निस्तं न्हाई म्हन. पोरगं सुटंल."

आत बाकावर गोरखची बायको छाया बसली होती. फुलाबाईंनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आजी, हे हत्यार तुमचं?" साहेबांनी विचारलं.

"हत्यार न्हवं साहेब, अवजार हाय. माजंच हाय."

"कागदावर हत्यारच लिहावं लागतं."

"लिवा. पन घरातनं कोन घिऊन गेलं त्येबी लिवा. माजा नातू घिऊन गेला."

इंद्रजित डोकं धरून खाली बसला. फुलाबाई जाऊन छायाच्या शेजारी टेकल्या. छाया सरकली नाही. मला पिशवीत घालेपर्यंत दोघी तशाच होत्या.

आता मी मुद्देमालाच्या खोलीत आहे. गळ्यात चिठ्ठी, अंगावर गंज. अभिषेक तुरुंगात आहे. पप्पूभाई जामिनावर सुटले. त्यांचा नवा फलक जुन्यापेक्षा मोठा आहे, असं हवालदार सांगत होते. शहरानं मात्र कडक पावलं उचलली. कोयता घ्यायला आता आधार कार्ड लागतं. फलक लावायला काही लागत नाही.

निकाल लागला की मला नष्ट करतील म्हणे. खुशाल करा. वितळवून दुसरं काही घडवणार असाल तर दाराची कडी करा, चुलीवरचा तवा करा. एवढी एकच विनंती, मूठ लावू नका.