उंचवटा

"फळ्यावरच्या आकृतीत मधला उंचवटा कुठाय?" परीक्षक बहिजा सरघिनींनी प्रबंधाच्या पानावर पेन टेकवलं.

"नाहीये, मॅडम." इद्दर फळ्यापाशी उभा होता. "समारियम मूलद्रव्याचं हे अणुकेंद्रक गोल आणि लांबट आकारांच्या सीमेवर आहे. मध्ये उंचवटा असता तर एका बाजूला अडकलं असतं. इथे ऊर्जेच्या आलेखाचा तळ सपाट आहे. केंद्रक मऊ आहे, इकडून तिकडे सहज जातं."

"सपाट? मग प्रबंधातल्या या आलेखात हा उंचवटा कसला? स्वतःच्या आकृत्या तरी बघायच्या होत्यात!"

सभागृहात कुणीतरी हसलं. इद्दरने एकदा मागच्या रांगेकडे पाहिलं. मोरोक्कोतल्या ॲटलसच्या डोंगरातून आलेली त्याची आई तिथे डोक्याला नवा रुमाल बांधून बसली होती.

"चुकलं माझं, मॅडम," तो म्हणाला.

डॉक्टरेट मिळाली, पण एक श्रेणी खाली.

चहाच्या वेळी प्रबंध पिशवीत घालताना बहिजाबाईंच्या हातून पान उलटलं. त्या बघत होत्या तो आलेख शेजारच्या केंद्रकाचा होता. इद्दरचा पुढच्या पानावर होता, तव्यासारखा सपाट. त्यांची कानशिलं तापली.

तेवढ्यात त्याची आई बदामाच्या करंज्यांचं ताट घेऊन समोर आली.

"घ्या ना, लल्ला," बाईंना आदराने हाक मारत ती म्हणाली. "पोराला वळण लावलंत, अल्ला तुमचं भलं करो."

बहिजाबाईंनी करंजी घेतली, पण खाल्ली नाही. त्यांनी इद्दरला बाजूला घेतलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"आई बसली होती, मॅडम. मोठ्या माणसांना चारचौघांत खोटं पाडायचं, तेही तिच्यादेखत... तिने तसं शिकवलेलं नाही." त्याने खांदे उडवले.

बहिजाबाई तशाच परीक्षक मंडळाच्या अध्यक्षांकडे गेल्या.

"सह्या झाल्यात, बहिजा," ते कुजबुजले. "कशाला आता?"

त्यांनी ऐकलं नाही. पेल्यावर चमचा वाजवला आणि म्हाताऱ्या आईलाही कळावं म्हणून फ्रेंच सोडून साध्या अरबीत म्हणाल्या, "इद्दरचं उत्तर बरोबर होतं. चूक माझी झाली. त्याची श्रेणी मी बदलून घेणार आहे."

आईने ताट खाली ठेवलं आणि मुलाची बाही धरली.

"बघतोस ना? तुझी अब्रू झाकायला एवढ्या मोठ्या बाई स्वतःवर घेताहेत. जा, माफी माग त्यांची."

"नाही हो, खरंच माझीच..." बहिजाबाई सांगू लागल्या.

"असू द्या, लल्ला, असू द्या." आईचे डोळे भरून आले होते. "मला कळतं सगळं."

इद्दरने एकदा आईकडे पाहिलं. मग पुढे येऊन त्याने बहिजाबाईंसमोर मान वाकवली.